चोरखमाऱ्याची बाई

मोहटोला,
ता. ३ सप्टेंबर १९५४

ती. दादास,
रुख्माचा नमस्कार. सुशीलावहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पत्र बंद पाकिटात घालते आहे, कारण मजकूर घरातला आहे. तूही उत्तर बंदच धाड. आमच्या टपालवाल्याला अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, आणि वाचलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पोळा बरा झाला. यांच्याकडचे पाहुणे आले होते, दोन दिवस चूल विझली नाही. पण लिहायचं ते वेगळंच आहे. यांनी बिडी सोडली. तुला माहीत आहे, पाटकऱ्याची नोकरी म्हणजे दिवसरात्र तलावाच्या पाटावर. कोणाच्या बांधीत आधी पाणी सोडायचं यावरून रोज कोणाशी तरी भांडण. बिडीशिवाय हे काम होत नाही असं हेच म्हणायचे. आता बिडी नाही, पान नाही, हॉटेलातला चहाही नाही. तिरोड्याला जायचं तर मोटारीचे पैसे वाचवून पायी जातात. मी काही म्हटलं नव्हतं. शपथ घातली नव्हती. आपोआप सुटलं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या मागोमाग मनात आलं की कुठंतरी पाणी मुरतं आहे. कारण दुसरीही एक गोष्ट आहे. परवा मी आंघोळ करून लुगडं नेसत होते, तर हे दारात उभे. म्हणतात, "कासोट्याले किती हात मागं सोडतेस व?" लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या अंगावरच्या लुगड्याचा रंग डोळे मिटून विचारला तर या माणसाला सांगता आला नसता. आता विचारतात, झंपर कोणत्या शिंप्यानं शिवला, कोणता रंग उन्हात विटत नाही, पदर खांद्यावर कसा टिकतो.

दिवाळीला मला लुगडं घ्यायचं मनात असेल असं समजून मी गप्प आहे. तू तांदूळ घेऊन गोंदियाला जात असतोस. कानावर काही आलं तर कळव.

तुझी,
रुख्मा


कामठा,
ता. १४ सप्टेंबर १९५४

चि. रुख्मास अनेक आशीर्वाद.
नवऱ्यानं व्यसन सोडलं म्हणून तक्रारीचं पत्र लिहिणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. पण तुझा संशय बरोबर आहे. माणूस व्यसन फुकट सोडत नाही. वैद्यानं भीती घातली तर सोडतो, नाहीतर पैसा दुसऱ्या वाटेनं जायला लागला म्हणून सोडतो. बकाराम तर दांडगा आहे, त्याला वैद्याचं काय काम?

मंगळवारी गोंदियाला गेलो होतो. आपण लग्नाचं कापड घेतलं तोच दुकानदार. मला पाहून म्हणाला, "आपके जमाईबाबू आए थे. तोते के रंग का लुगड़ा ले गए, लाल किनार वाला." मी म्हटलं, बरं झालं. तर हसून पुढं म्हणतो, "आधा घंटा देखा. पल्लू खुद के कंधे पे डाल-डाल के देखा. और पूरा पैसा चिल्लर में दिया." नोकरीवाल्या माणसाला पगार नोटांत मिळतो. एवढी चिल्लर कुठून आली? आणि पदर आपल्याच खांद्यावर टाकून कोण पाहतं? ज्याला घेणारीचा खांदा डोळ्यांपुढं दिसतो तो पाहतो.

लुगडं तुला मिळालं असेल तर हे पत्र चुलीत घाल आणि मला शिव्या दे. मिळालं नसेल तर तोंडानं काही बोलू नको, डोळे उघडे ठेव. घरात नवीन कुलूप कुठं लागलं ते आधी पाहा. चोराच्या मनात चांदणं असतं, तो कुलूप लावतोच.

तुझा भाऊ,
दुधराम


मोहटोला,
ता. १ ऑक्टोबर १९५४

ती. दादास,
नमस्कार. लुगडं मला मिळालेलं नाही.

कुलूप मात्र आहे. खात्याची जी पत्र्याची पेटी खाटेखाली पडलेली असायची आणि जिच्यात मी लसूण ठेवायची, तिला आता पितळी कुलूप आहे. माझा लसूण सुपात काढून ठेवला आहे. विचारलं तर म्हणाले, "सरकारी कागद हायेत." सरकारी कागदाला अत्तराचा वास येतो का, हे तू मला सांग. मी नाक लावून पाहिलं आहे.

चिल्लरही कळली. शेजारची पुष्पाबाई तिरोड्याच्या बाजारातून आली आणि म्हणाली, "तुया घरच्याईनं मासोळ्या बऱ्या देल्या व, ताज्या होत्या." मी चूल फुंकत होते, तशीच राहिले. हे पाटाच्या तोंडाशी जाळं लावतात आणि मासे बाजारात नेऊन विकतात. आपल्या कुळातला माणूस बाजारात टोपली घेऊन बसतो आणि घरात मला महिन्यात मासोळीचा काटा दिसलेला नाही. लाजेनं मी दोन दिवस विहिरीवर गेले नाही.

आणखी आहे. माझा जुना जांभळा झंपर दांडीवरून नाहीसा झाला आणि तीन दिवसांनी धुतलेला परत आला. मी तिरोड्याच्या शालीकराम शिंप्याला गाठलं. तो आधी काही सांगेना. मग म्हणाला, "मापाले आनला होता. त्याच मापानं शिव म्हनले, पन खांद्यात चार बोटं जास्त ठेव." म्हणजे ती माझ्याच उंचीची आहे, पण खांद्यानं रुंद. माझ्याच झंपरावर तिचं माप घेतलं, दादा. नवीन बाईसाठी माप घ्यायला घरात जुनी बाई होती म्हणून यांची सोय झाली.

मी अजून काही बोललेली नाही. 

रुख्मा


(कार्ड)
कामठा, ७ ऑक्टोबर १९५४

चि. रुख्मास आशीर्वाद. पत्र पावलं. बाई असणार यात आता शंका नाही. मापावरून धिप्पाड दिसते. नाव आणि गाव काढ. अत्तरापर्यंत गेला म्हणजे प्रकरण जुनं आहे. मासे विकतो ही गोष्ट तुझ्या वहिनीला सांगितली नाही, तूही कोणाला सांगू नको. दसऱ्याचं सोनं इथूनच घे. — दुधराम.
ता. क. पाकीट संपलं म्हणून कार्ड.


मोहटोला,
ता. १६ ऑक्टोबर १९५४

दादा,
तुझं कार्ड मला तिसऱ्या दिवशी मिळालं. माझ्याआधी ते पोलीस पाटलाकडे, शाळेत आणि पिठाच्या गिरणीत वाचून झालं होतं. गिरणीतल्या बायका माझ्याकडे पाहून दळण विसरल्या. कोणाला सांगू नको असं तू उघड्या कार्डावर लिहितोस, याला काय म्हणावं? यांच्या कानावरही गेलं असणार. पण हे एक शब्द बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे पाहत राहिले. आजकाल फार पाहतात. मी भांडी आपटली तरी पाहतात.

आता पुढचं ऐक. दसऱ्यानंतर तलावाचं पाणी बंद झालं. धान पिवळं पडलं, पाट कोरडा आहे. पाटकऱ्याला आता काम काय? तरी हे रोज जेवण झालं की कंदील घेऊन निघतात. मी म्हटलं, "पानी तं बंद झालं, आता कायले जाता?" तर म्हणतात, "पाटाची राखन." कोरड्या पाटाची राखण मी शेतकऱ्याच्या घरात जन्मून ऐकली नव्हती.

आणि सोमवारी यांनी मिशी काढली. घरात कोणी गेलेलं नाही, सुतक नाही, आणि तोंड सगळं साफ. दुपारपर्यंत तीन घरच्या बायका तोंडाला पदर लावून आल्या, "कोन वारलं व?" म्हणून. काय सांगू? "मिशीत खाज येत होती," असं हे म्हणतात. त्या बायकांना मी चहा पाजून परत पाठवलं. एक तर रडतच आली होती, तिची समजूत घालता घालता पुरेवाट झाली.

त्या गेल्यावर पुष्पाबाई मागं राहिली. म्हणाली, "तुले ठाऊक नाही काय व? तुया घरचे चोरखमाऱ्याले बाई करतेत. आमच्या घरच्याईनं सांगतलं. सारे बोलून राहिले." आणि तोंडावर पदर घेऊन हसली. मी तिला पुढं काही विचारलं नाही. विचारायला राहिलं काय? गोंदियात लुगडं, तिरोड्यात झंपर, चोरखमाऱ्यात बाई. सगळं जुळलं.

दादा, मी संसार मोडायला बसलेली बाई नाही. पण हसणाऱ्या गावात सवतीच्या मापाचे कपडे सांभाळत मी राहणार नाही. यंदा भाऊबीजेला मला घेऊन जा. पुन्हा धाडायचं नाही अशा तयारीनं ने. पोरबाळ नाही, म्हणून माझ्या पायात कोणी अडकत नाही. वहिनीला विचार, चालेल का. तिनं नाही म्हटलं तर तेही खरं खरं लिही.

रुख्मा


कामठा,
ता. २१ ऑक्टोबर १९५४

चि. रुख्मास आशीर्वाद.
कार्डाची चूक झाली. यापुढं पाकीट.

वहिनीला विचारायचं काही कारण नाही, घर माझं आहे. तरी विचारलं. ती म्हणते, मागची खोली सारवून ठेवते. तेव्हा ती काळजी सोड.

आता नीट ऐक. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चोरखमाऱ्याची मंडई आहे, दिवाळीची जत्राच. चार गावचे लोक येतील, नाच-सोंगांच्या दंडारी उभ्या राहतील, आणि ती बाईही नवीन लुगडं नेसून मिरवायला बाहेर पडणारच. पोपटी लुगडं आणि लाल काठ लपत नाही. मी आदल्या दिवशी छकडा जुंपतो, तिरोड्याला मुक्काम करतो आणि सकाळी थेट मंडईत येतो. तू पुष्पाबाईला घेऊन तिथं ये. आपले डागडागिने अंगावर घाल, कपड्याचं गाठोडं बांधून ठेव. बकारामाला सुगावा लागू देऊ नको. बाई दिसली की चार लोकांसमोर मी विचारतो आणि तिथूनच तुला गाडीत घालतो. भाऊबीज एक दिवस उशिरा कामठ्यालाच करू.

मला हा माणूस पहिल्यापासून पटला नव्हता. बापानं पाहिलं आणि आपण मान हलवली. जास्त बोलत नाही, कोपऱ्यात बसून दुसऱ्यांकडे पाहतो आणि मनातल्या मनात हसतो. असा माणूस सरळ नसतो.

दुधराम


मोहटोला,
ता. १ नोव्हेंबर १९५४

ती. दादास,
नमस्कार. तू आला नाहीस. बैल लंगडला असा निरोप तुझ्या गड्यानं, भोजराजनं, दुसऱ्या दिवशी आणून दिला. मी मंडईत दुपारपर्यंत छकड्यांच्या रांगेकडे मान वळवून वळवून दमले. जे झालं ते तुझ्या मागं झालं, म्हणून सगळं लिहिते.

गाठोडं मी आदल्या संध्याकाळी पुष्पाबाईच्या घरी नेऊन ठेवलं होतं. हे पहाटेच घरातून गेले, पेटीसकट. मंडई चांगली भरली होती. ऊस, शिंगाडे, बांगड्या, माणसाला माणूस लागत होता. मी कशाकडे पाहिलं नाही. पोपटी लुगडं दिसलं की मी आधी खांदे पाहायची, आणि त्या दिवशी निम्म्या बायका पोपटीच नेसून आल्या होत्या. शेवटी पुष्पाबाईला म्हटलं, "दाखव मले ते बाई." ती म्हणाली, "थांब ना व, दंडार तं उभी राहू दे." मला वाटलं, बाई दंडार पाहायला येणार असेल.

सुकरामाच्या मंडळीची दंडार उभी राहिली. झांजा वाजल्या, पोरं नाचून गेली, आणि मागच्या चादरीतून ती बाहेर आली. तेच लुगडं, तोच लाल काठ, अंगात नवीन झंपर, नाकात नथ, कमरेला पट्टा. खांदे रुंद. मी ताडकन उठले. इतकी निर्लज्ज की लोकांसमोर नाचायलाही उभी राहते, असं मनात आलं. आपल्याकडे दंडारीत बाईमाणूस कधी उभं राहत नाही, पुरुषच लुगडं नेसतात, हे लहानपणापासून पाहिलेलं असून मला त्या वेळी आठवलं नाही. संशयानं डोळे असून आंधळी झाले होते. पुष्पाबाईनं हात ओढून मला खाली बसवलं. तेवढ्यात ती बाई खोकली. तो खोकला मी इतकी वर्षं उशाशी ऐकते आहे.

मी म्हटलं, "अवं, हे तं आमचे..." पुष्पाबाई म्हणाली, "मंग? म्या काय खोटं सांगतलं व? बाईच करतेत म्हटलं ना तुले." आणि पोट धरून हसली. दादा, बाई करणं म्हणजे बाईचं सोंग घेणं, असं दंडारीच्या मंडळीतले सगळे म्हणतात. मी मात्र बाई केली असं ऐकलं, आणि तूही तसंच ऐकलंस.

मला वाटलं होतं आता सुटले. पण खरं पुढंच होतं. सोंग कोणाचं होतं माहीत आहे? पाटकऱ्याच्या संशयी बायकोचं. ती नवऱ्याच्या शेल्याचा वास घेते. पेटीला नाक लावते. कोण वारलं म्हणून आलेल्या बायकांना रागारागानं चहा पाजते. पदराचं टोक दातात धरून चूल फुंकते, आणि राग आला की डाव्या पायाचा अंगठा जमिनीत रोवून उभी राहते. लोक हसून हसून एकमेकांवर पडत होते. मी खाली पाहिलं तर माझा अंगठा मातीत गेला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी यांच्यावर नजर ठेवून होते आणि हे माझ्यावर. माझे शब्द, माझे हात, माझा राग, सगळं यांनी उचललं आणि लुगड्यात गुंडाळून चार गावांपुढं मांडलं.

मग झांजा थांबल्या. सगळे पाहुणे जेवून गेले आहेत असं सोंग होतं. ती बाई चुलीपुढं बसली, भांडं खरवडलं, आणि चुलीलाच हळू आवाजात म्हणाली, "साऱ्याईले वाढलं. मले कोनी इचारलं काय, जेवलीस का म्हनून?"

 माझ्या शेजारच्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. पुष्पाबाईचं हसू गेलं. दादा, हे मी पोळ्याच्या रात्री म्हटलं होतं. पाहुणे गेले होते, हे खाटेवर घोरत होते. म्हणजे घोरणं खोटं होतं.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. ऐकलं होतं तर त्याच रात्री उठून विचारायचं होतं. मी तीन हातांवर होते. तिथं विचारलं नाही आणि चोरखमाऱ्यात येऊन सांगितलं.

दिवस मावळताना हे घरी आले. तोंड धुतलं होतं, डोळ्यांत काजळ तसंच. माझ्यासमोर पेटी उघडून दाखवली. म्हणाले, लग्नाआधी ते सुकरामाच्या मंडळीत बाई करायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला कामठ्याच्या मंडईत तू यांच्याशेजारी बसून म्हणाला होतास, "नाच्याले पोरगी देनाऱ्या बापाले जोड्यानं मारलं पायजे." तेव्हापासून तोंड उघडलं नाही. यंदा मंडळीतला बाई करणारा परगावी कामाला गेला, सुकराम पाया पडला, आणि यांच्यानं राहवलं नाही. मंडळीचे जुने कपडे उंदरांनी खाल्लेले. यांना फाटक्यात उभं राहायचं नव्हतं. पगाराला हात लावला नाही, बिडी-चहा सोडला आणि मासे विकले. लुगड्याची घडी पेटीत कशी ठेवली होती ते तू पाहायला हवं होतं. मी माझं लग्नाचं लुगडं इतक्या मायेनं ठेवलेलं नाही. मला त्या कपड्याचा हेवा वाटला, हेही लिहून टाकते.

मी पेटीचं झाकण लावलं. मग यांनी खाली मान घालून विचारलं, "जेवलीस काय?"

मी म्हटलं, "तुमी बाई होऊन इचारून राहिले का नवरा होऊन?"

यांनी डोळ्यांतलं काजळ बोटानं पुसलं. मग म्हणाले, "बाई होऊन इचारलं तं सोपं जाते."

मी दोघांना वाढलं. पण गाठोडं अजून पुष्पाबाईकडेच आहे, मी परत आणलेलं नाही. या माणसाजवळ राहावं की न राहावं, मला कळत नाही. बाई असती तर कळलं असतं. तू मोठा आहेस, सांग.

रुख्मा


कामठा,
ता. ८ नोव्हेंबर १९५४

चि. रुख्मास आशीर्वाद.
पत्र वाचून डोकं फिरलं. बाई असती तर बरं झालं असतं. पंचांपुढं उभी करून हाकलता आली असती. हा स्वतःच बाई झाला, याला कोणते पंच बसवायचे?

मी पहिल्या दिवाळीला जे बोललो ते आजही बोलेन. घरच्या बाईचं सोंग घेऊन परक्या लोकांना हसवायचं, ही काय रीत झाली? लोकांना काय, ते हसायला जातात, बहीण कोणाची ते पाहत नाहीत. भर मंडईत गंगावन सुटून खांद्यावर येतं आणि हा तसाच पाय मुडपून अंबाडा बांधत बसतो, वर टाळ्या घेतो. असल्या माणसाला जावई म्हणून पानावर कसं बसवायचं? उद्या कामठ्यात तुला नाच्याची बायको म्हणतील. माझ्या पोरींची लग्नं व्हायची आहेत.

गाठोडं पुष्पाबाईकडे आहे ते चांगलं झालं. तिथूनच उचल. बैल आता बरा आहे. पुढच्या आठवड्यात भोजराजला गाडी घेऊन धाडतो, त्याच्याबरोबर निघून ये. खोली सारवून ठेवली आहे. तुझी वहिनी तुला जपेल, मीही जपेन. यापुढं तुला कोणाच्या चुलीपुढं एकटं बसायला लागणार नाही, एवढं मी सांगतो.

दुधराम


मोहटोला,
ता. १६ नोव्हेंबर १९५४

ती. दादास,
नमस्कार. भोजराज गाडी घेऊन आला. मी त्याच्याबरोबर आले नाही, हे पत्र धाडते आहे.

तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. मग पुन्हा वाचलं. गंगावन सुटल्याचं मी तुला लिहिलं नव्हतं. नथ लिहिली, पट्टा लिहिला, काजळ लिहिलं. गंगावनाचं राहून गेलं होतं. कोणाकडून ऐकलं असशील असं आधी मनाला सांगितलं. पण माझं मन तुला ठाऊक आहे, ते इतक्यावर थांबत नाही. भोजराज बैल सोडत होता, तेव्हा सहज विचारलं, "दुधरामभाऊचा बैल कोन्या पायानं लंगडत होता?" तो भाबडा आहे. म्हणाला, "कोनता बैल? बैल तं चांगले हायेत. मंडईत तं चिंचेखाली बांधले होते." आणि मग जीभ चावली.

तू होतास. चिंचेखाली छकडा सोडून मागं उभा होतास. भोजराज सांगतो, आधी तू लोकांत सगळ्यात मोठ्यानं हसत होतास. मग ती बाई चुलीपुढं बसून बोलली आणि तू कोणाला न सांगता वळलास, बैल जुंपलेस आणि सरळ तिरोड्याची वाट धरलीस. बहीण दोनशे हातांवर बसली होती, तिला घेऊन जायला आला होतास, आणि तिला तोंड न दाखवता गेलास. भोजराजला मागं ठेवून खोटा निरोप द्यायला लावलास.

मी यांच्यावर दोन महिने संशय घेतला, तुझ्यावर कधी घेतला नाही. आता तोही घेऊन पाहिला आणि तो खरा निघाला. पण मला राग आलेला नाही, दादा. तू का गेलास ते मला कळतं. ते वाक्य मी पहिल्यांदा मोहटोल्यात म्हटलेलं नाही. आई गेल्यावर कामठ्याच्या चुलीपुढं बसून मी हेच म्हणायची. मी दहा वर्षांची होते, तुम्हा सगळ्यांना वाढून झालं की म्हणायची. तेव्हाही खाटेवर कोणीतरी घोरत असायचं. ते घोरणं कोणाचं होतं, हे मी आज विचारत नाही.

गाठोडं मी घरी आणलं. कामठ्याला राहायला येणार नाही. इथं एक माणूस आहे ज्यानं ऐकलं, ऐकून मनात ठेवलं, आणि त्याला ते सांगायला लुगडं नेसावं लागलं. वेडा आहे, पण ऐकू येतं त्याला. नाच्याची बायको म्हणोत लोक. मासे विकणाऱ्याची बायको म्हणून झालं, सवत असलेली म्हणून झालं, एक सुतक तेवढं राहिलं होतं, ते मिशीनं करून टाकलं. आता म्हणायला त्यांच्याजवळ नवीन काय आहे?

मात्र मी काही अटी घातल्या आहेत. मासे आधी घरात येतील, उरतील ते बाजारात. पेटीत लसूण राहील आणि किल्ली माझ्याकडे. पुढचा झंपर मी शिवेन, शालीकरामला पैसे द्यायचे नाहीत, आणि खांद्यात चार बोटं नाही, पाच लागतात, काखेत उसवला आहे. पदर हे चुकीचा घेतात, तोही मी शिकवीन. आणि दंडारीत माझ्या तोंडचं जे घालायचं असेल ते आधी मला विचारून.

हे सगळं यांनी मान्य केलं आहे. तरी माझं मन अजून पूर्ण साफ नाही. काल मी दुधाचं भांडं उतू गेलं म्हणून स्वतःशीच बडबडत होते, तर हे खाटेवर डोळे मिटून अगदी स्वस्थ पडलेले. जास्तच स्वस्थ. पुढच्या मंडईचं जमवत असतील. आता हे घोरायला लागले की मी आधी जवळ जाऊन पाहते.

भाऊबीज राहिली आहे. कार्तिक सरायच्या आत तू स्वतः ये. यांच्याशी काय बोलायचं ते तुझं तू ठरव, नाहीतर बोलूच नको, दोघंही न बोलणारेच आहात. ओवाळणीत लुगडं आणणार असशील तर माझ्याच हातात दे, दुसऱ्या कोणाच्या नको.

दुपारी ये. आणि जेवून येऊ नको.

तुझी,
रुख्मा